भिंगरी आणि निळा कोट

बस साडेआठची, आणि भिंगरी पावणेआठलाच थांब्यावर हजर. बाकावर बसली, उठली, वेळापत्रकाची पाटी वाचली, परत बसली. पिशवीची गाठ सोडली, आत हात घालून काहीतरी चाचपलं, गाठ परत बांधली. शेजारचे आजोबा बराच वेळ हे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, काही हरवलंय का?"

"नाही हो. मी आहेच अशी," भिंगरी म्हणाली आणि परत उठली.

खरंच होती ती तशी. बासष्ट वर्षांची बाई, पण एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. कागदोपत्री नाव काय असेल ते असो, लहानपणी आईने वैतागून भिंगरी म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. लाँड्रीवाला तिला भिंगरीबाई म्हणायचा, सून कधी कौतुकाने तर कधी चिडून भिंगरीआई म्हणायची. गंमत अशी, की सुई हातात आली की हीच बाई गप्पगार. लाँड्रीच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. तिथे बसून पस्तीस वर्षं तिने लोकांच्या कपड्यांना रफू केलं होतं, आणि असं केलं होतं की ज्याचा कपडा त्यालाच भोक कुठे होतं ते सापडू नये. रफू दिसला की फसला, एवढं साधं गणित होतं तिचं.

त्यातून दोन वर्षांपूर्वी तिचा जवळचा चष्मा सुटला. होय, सुटला! साठीनंतर लोकांचे नंबर वाढतात, हिचा उतरला. लाँड्रीवाला येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगायचा. भिंगरीनेही चष्मा डब्यात घातला, डबा कपाटात टाकला आणि महिनाभर फुशारक्या मारल्या. बारीकातली बारीक वीण तिला उघड्या डोळ्यांनी दिसायची. मग आज ही एवढी धास्तावलेली का? तर त्याचं कारण त्या पिशवीत होतं.

पिशवीत एक कोट होता. एका पोरीचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. वडील गेले, कोट राहिला. जाड, लोकरी, गडद निळा, आणि बाहीला कसरीने खाल्लेलं बटणाएवढं भोक. ह्या कामाची रीत अशी, की कपड्याच्याच आतल्या शिवणीतून चार दोरे काढायचे आणि त्यांनीच भोक भरायचं, म्हणजे रंगाचा प्रश्नच येत नाही. पण ह्या कोटाची शिवण कुणा शिंप्याने आधीच कातरून ठेवलेली. काढायला आत दोराच नाही. भिंगरीने आपल्या रिळांतून दोरा निवडला आणि दोन दिवस बसून भोक भरलं. पोरगी आली, बाही खिडकीशी धरली आणि चाचरत म्हणाली, "काकू, इथे जरा हिरवं दिसतंय का हो?"

"हिरवं? कुठे हिरवं?" भिंगरीचा आवाजच चढला. "उजेडात धरलंस म्हणून वाटतंय तुला. निळंच आहे ते. पस्तीस वर्षं हेच करतेय मी, बाळ."

पोरगी ओशाळली. "माझंच चुकत असेल," म्हणाली. तरी कोट टेबलावरच ठेवला. "येत्या सोमवारी घालायचाय मला. वेळ झाला तर एकदा बघाल?"

ती गेल्यावर भिंगरीने रीळ उलटं केलं. बुडाशी चिकटलेल्या चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, बाटली हिरवा. अक्षरं तिने चष्म्याशिवाय धडाधड वाचली. पण दोरा आणि कोट, दोन्ही तिला एकाच रंगाचे दिसत होते. काळपट, मळकट, एकच.

ह्याला पाच दिवस झाले होते आणि तिने कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. सांगणार तरी काय? रफूवालीला रंग कळेनासा झाला, हे तोंडाबाहेर पडलं की संपलंच सगळं. लाँड्रीवाला भला माणूस, पण टेबल दुसऱ्या कुणाला द्यायला त्याला कितीसा वेळ लागणार? आणि टेबल गेल्यावर ह्या बाईने दिवसभर करायचं काय? घरात येरझाऱ्या घालायच्या आणि सुनेचं डोकं खायचं? शिवाय त्या पोरीचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. बिचारीला बरोबर दिसत होतं, आणि हिने दामटून तिलाच खोटं पाडलं होतं.

"ए भिंगरे! कधीची येऊन बसलीस? का मुक्कामच केलास इथे?"

आली कंडक्टर. ही भिंगरीची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. आता निवृत्त झालेली, पण बसमध्ये तिकिटं फाडून आवाज जो मोठा झाला तो मोठाच राहिला. अंगात तिचा तो चॉकलेटी स्वेटर. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याचं कोपर फाटलं होतं, तेव्हा भिंगरीनेच भरून दिलं होतं. तेव्हापासून थंडी असो नसो, स्वेटर काही तिच्या अंगातून उतरत नव्हता.

सहलही तिचीच टूम. शहराबाहेर दीड तासावर हाताने सूत रंगवायचा एक कारखाना होता. शनिवारी तिथे पाहुण्यांना आत घेत आणि स्वतःच्या हाताने एक लडी रंगवू देत. कंडक्टर गेलं वर्षभर मागे लागली होती आणि भिंगरी वर्षभर टाळत होती. ह्या वेळी मात्र विचारता क्षणी हो म्हणाली, कारण कंडक्टर सहज बोलून गेली होती, की तिथे निळेच पंधरा प्रकारचे आहेत म्हणे. पंधरांत एक तरी कोटाला जुळेल. कुठला ते ओळखायचं कसं, तेवढं एक सोडलं तर बेत पक्का होता. तेही तिने ठरवलं होतं. आपण काही बोलायचं नाही, कंडक्टरकडून रंगांची नावं वदवून घ्यायची.

बसमध्ये भिंगरीने तीनदा जागा बदलली. आधी खिडकी, मग वारा लागतो म्हणून आतली बाजू, मग पाय आखडतात म्हणून पुढचं बाक. कंडक्टर तोवर नव्या कंडक्टरला बेल कशी मारायची ते शिकवत होती. तो पोरगेलासा माणूस हसून ऐकून घेत होता.

"पिशवीत काय कोंबलंयस एवढं?" कंडक्टरने विचारलं.

"शाल आहे. तिकडे गार असेल."

"आणि अंगावर आहे ती कोण?"

भिंगरीने अंगावरच्या शालीकडे बघितलं. "दुसरी लागली तर असावी," ती म्हणाली आणि चौथ्यांदा जागा बदलली.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड आणि मागे मोठं अंगण. शेडमध्ये झाकणं घातलेली पिंपं, वाफाळणारी पातेली, ओली फरशी. वास विचित्र, ओल्या लोकरीचा आणि आंबलेल्या पाल्याचा. रंगारीणबाई चाळिशीच्या होत्या. कोपरापर्यंत हात रंगलेले, नखं कायमची काळीनिळी. पाहुणे सगळे मिळून सात-आठ. बाईंनी स्वागताचे दोन शब्द बोलायच्या आत कंडक्टरने तोंड उघडलं.

"ही माझी मैत्रीण बरं का, साधीसुधी नाही. रफूचं काम करते. कुठलाही कपडा आणा, नुसत्या नजरेने दोरा काढून देते. जवळचा चष्मासुद्धा सुटला हिचा ह्या वयात!"

"अगं, गप," भिंगरी पुटपुटली.

भिंतीला लांब दांड्यांवर लड्याच लड्या लटकत होत्या. भिंगरी त्यांच्यापुढून भराभर चालत गेली, परत आली, परत गेली. पिवळे, नारिंगी, लाल तिला दिसत होते. त्यांच्यापुढे सगळी माती. पंधरा निळे म्हणे! तिला जेमतेम चार मोजता आले, आणि त्यांतलाही एक राखाडी असावा असा संशय होता.

तिने डाव टाकला. "कंडक्टर, ह्यातला तुला कुठला आवडला गं? त्याचं नाव काय म्हणशील?"

"मला काय विचारतेस? तू त्यातली ना! तूच सांग, माझ्या रंगाला कुठला शोभेल."

"तुला काय, सगळेच शोभतात," भिंगरी म्हणाली. डाव फुकट गेला.

एवढ्यात रंगारीणबाईंनी एका पिंपाचं झाकण काढलं आणि सगळ्यांना भोवती बोलावलं. "ह्यात नीळ आहे. पण पिंपात असेपर्यंत ती निळी नसते. सूत वर काढलं की हिरवं निघतं. हवा लागली की तुमच्या डोळ्यांदेखत निळं होतं. हिरवं पूर्ण गेल्याशिवाय दुसरी बुडी द्यायची नाही. दिलीत तर रंग मुरत नाही, डाग पडतात." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "बाई, तुम्ही जाणकार आहात. मी पलीकडचं पातेलं उतरवून येते. हिरवं गेलं की तुम्ही ह्यांना आवाज द्या."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणायची तीच वेळ होती. पण कंडक्टर छाती पुढे काढून उभी होती, सगळे कौतुकाने बघत होते, आणि नाही म्हणायचं सोडून तिने मान डोलावली.

पाहुण्यांपैकी एका कॉलेजातल्या मुलीने आपली लडी बुडवली होती. तिने ती वर काढली. "अय्या, हिरवी!" सगळे एकदम ओरडले. भिंगरीला ओली, काळपट लडी दिसली. ती डोळे फाडून बघत राहिली. काही बदलेना. बदलत असेल तर कळेना. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली. शंभरपर्यंत मोजू, तेवढ्यात झालंच असेल. पण ही भिंगरी! चाळीसपर्यंत येता येताच तिच्या पायांना खाज सुटली, साठाला जीव घुसमटला, आणि तोंडातून निघून गेलं, "झालं! बुडव!"

मुलीने लडी बुडवली.

"अगं, थांब थांब!" कंडक्टर ओरडली. "अजून अर्धी हिरवीगार होती ती!"

सगळे हसले. वाईट नव्हते हसत, आपल्या माणसाला हसावं तसंच हसले. कंडक्टरही हसली. "हिला भिंगरी उगाच नाही म्हणत! रंगालासुद्धा दम खाऊ देत नाही."

सुटायला इतकी सोपी वाट होती. घाई झाली, एवढंच म्हणायचं आणि हसायचं. पण रंगारीणबाई हात पुसत आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्हाला कशी दिसली ती?"

"कशी म्हणजे? जशी होती तशी दिसली!" भिंगरी फणकारली. एवढ्या जोरात, की हसणारे गप्प झाले. तिने पिशवी उचलली आणि मागच्या दाराने तरातरा अंगणात गेली.

अंगणात दोऱ्यांवर ओल्या लड्या वाळत होत्या. ती दोन दोऱ्यांच्या मधून ह्या टोकाला गेली, त्या टोकाहून ह्या टोकाला आली. जाता जाता हाताला चाळा म्हणून लड्या चाचपत होती. प्रत्येक लडीला एक बारीक सुतळी बांधलेली होती आणि सुतळीला गाठी होत्या. एकीला दोन, दुसरीला पाच, तिसरीला तीन आणि जरा जागा सोडून आणखी एक. बोटांना ते आपोआप कळत होतं. पण डोक्यात घोंगावत होतं ते वेगळंच.

"काय तमाशा आहे हा?" मागून कंडक्टर आली. "चार लोकांत काय बोलतेस? आणि मी काय वाईट बोलले? घाई केलीस तर केलीस."

"घाई नाही केली मी."

"मग काय केलंस?"

भिंगरीने पिशवी सोडली, कोट बाहेर काढला आणि मैत्रिणीच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. "ह्याचा रंग सांग. आणि बाहीला रफू आहे त्याचाही सांग. खरं सांग, नाहीतर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

कंडक्टरने कोट उलगडला. तिने काय ते ओळखलं असावं, कारण तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कोट निळा आहे."

"आणि रफू?"

"हिरवा."

"थोडासा?"

"नाही गं, भिंगरे. चांगलाच हिरवा."

तिथे एक पालथी बादली होती. भिंगरी तिच्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. रडता रडता सगळं सांगून टाकलं. ती पोरगी, रीळ, चिठ्ठी, आज पिंपाशी मोजलेले आकडे. "मला नाही दिसत गं रंग. केव्हापासून दिसत नाही तेही माहीत नाही. मला वाटत होतं सगळं दिसतंय." मग एकदम रडू थांबलं आणि तिने मान वर केली. "दोन वर्षांत मी काय काय भरलंय, कुणास ठाऊक कसल्या रंगाने! कुणी बोललं कसं नाही?"

कंडक्टरने डावं कोपर उजव्या हाताखाली दाबून धरलं.

रंगारीणबाई दारात उभ्या होत्या. "तुमचा जवळचा चष्मा मध्यंतरी सुटला, असं म्हणाल्या ना ह्या?" त्यांनी विचारलं. "माझ्या आईचंही असंच झालं होतं. चष्मा सुटला म्हणून आम्ही केवढे खूश! आणि इकडे ती जांभळ्याला चॉकलेटी म्हणायला लागली. मोतीबिंदू पिकत होता. मी काही डॉक्टर नाही, पण दाखवून घ्या. ऑपरेशननंतर ती आठ वर्षं ह्याच पिंपाशी उभी राहत होती."

आता ह्यावर कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. भिंगरीने नाही टाकला. ती उठून परत फेऱ्या घालायला लागली. "म्हणजे मग मला सगळं दिसेल?"

"दिसेल की."

"मी केलेलं सगळं?"

रंगारीणबाईंनी कंडक्टरच्या हातातला कोट घेतला आणि त्या दाराकडे वळल्या.

कोट मग दारातल्या उजेडात आडवा घातला गेला. त्यावर रंगारीणबाईंनी एकेक निळी लडी ठेवायची आणि कंडक्टरने मोठ्याने निकाल द्यायचा, असा कारभार चालला. "हा उजळ. हाही उजळ. हा जांभळट. हा... हा बसला! भिंगरे, दिसेनासा झाला बघ!" भिंगरीने बघितलं नाही. तिने सुतळी बोटांत घेतली आणि गाठी मोजल्या. सात.

"ह्या कशाला असतात?" तिने विचारलं.

"ओल्यात कागदी चिठ्ठी टिकत नाही," रंगारीणबाई म्हणाल्या. "आणि ओला रंग, वाळलेला रंग, दिव्याखालचा रंग, सगळे वेगळे दिसतात. इथे डोळ्यांवर कुणीच विसंबत नाही, बाई. पिंपात जायच्या आधीच गाठी मारून ठेवायच्या. नंतर नुसत्या मोजायच्या."

भिंगरीने सात गाठींचा भोकाला पुरेल एवढा आणि बाकी प्रत्येक निळ्याचा हातभर दोरा मागून घेतला, सुतळीसकट.

परतीच्या बसमध्ये तिने जागा बदलली नाही, पण म्हणून काही स्वस्थ बसली नाही. वकिलांची काळी पँट, शाळेतल्या बाईंची शाल, लाँड्रीवाल्याच्या सासूबाईंचं ते लोकरी जाकीट, एकेक आठवून ती मांडीवर बोटं आपटत होती. मधेच तिने मान वळवली. "आणि तुझा स्वेटर? कोपर मीच भरलं होतं. बघू?"

"काही बघायचं नाही. छान आहे."

"खरं सांग."

"दिवसभर बोलून घसा बसलाय माझा. उतरायचं आलं की उठव," कंडक्टर म्हणाली आणि गच्च डोळे मिटून घेतले.

रविवारी दिवसभर बसून भिंगरीने हिरवा रफू उसवला आणि सात गाठींच्या दोऱ्याने भोक परत भरलं. सोमवारी पोरगी आली. बाहीवरून तिने बोट फिरवलं, भोक कुठे होतं ते शोधलं आणि तिला सापडलं नाही. "आता अगदी निळं वाटतंय," ती म्हणाली. "तेव्हा उजेडामुळेच असेल, नाही का?"

भिंगरी उठून उभी राहिली. लाँड्रीवाला दोन हातांवर इस्त्री करत होता, त्याला ऐकू जाणार हे तिला माहीत होतं. "नाही, बाळ. हिरवंच होतं ते. तुझे डोळे चांगले आहेत. माझे गेलेत. मी तुझ्याशी खोटं बोलले."

पोरीने कोट छातीशी धरला. मग तिने वाकून टेबलावरची सुई उचलून भिंगरीच्या हातात दिली आणि गेली. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "टेबल काय पळून जातंय का?" तो म्हणाला. "दाखवून या आधी. आणि आमच्या सासूबाईंचं जाकीट, भिंगरीबाई... असू दे. नंतर बोलू."

डॉक्टरांनी सांगितलं, पिकलाय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा भिंगरीला पहिल्यांदा खिडकीतलं आकाश दिसलं. इतकं निळं, की तिला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मग भिंत दिसली, तिला ती पिवळसर वाटत होती, पांढरीशुभ्र निघाली. मग दारातून कंडक्टर आली. बाहेर ऊन रणरणत होतं, पण अंगात स्वेटर होता. ती सरळ खाटेशी आली आणि डावं कोपर तिच्या तोंडासमोर धरलं.

"घे. बघ. आणि काय रडायचं ते एकदाच रडून घे."

स्वेटर चॉकलेटी होता. कोपरावर तळहाताएवढा रफू होता, जांभळा. साधा जांभळाही नाही, भडक, वांग्यासारखा. लांबून येणाऱ्या माणसाला आधी कोपर दिसावं आणि मग कंडक्टर.

"अगं बाई!" भिंगरीने कपाळाला हात लावला. "हे घालून तू दोन हिवाळे फिरलीस?"

"फिरले."

"लोक काय म्हणाले?"

"विचारायचे. मी सांगायचे, डिझाइन आहे. माझ्या मैत्रिणीने केलंय, ती सगळ्यांना नाही करून देत."

"मला का नाही सांगितलंस?"

कंडक्टर खाटेच्या कडेवर बसली. "मला वाटलं, घाईत झालं असेल तुझ्याकडून. चष्मा सुटला म्हणून किती खूश होतीस तेव्हा! म्हटलं, कशाला. तुझ्या डोळ्यांचं काही असेल असं मनातही आलं नाही गं. आलं असतं तर उचलून नेलं असतं तुला."

"काढ तो. आत्ताच्या आत्ता उसवून देते."

"हात लावून तर बघ."

भिंगरीने हात लावलाच. कोपर जवळ ओढलं आणि नव्या डोळ्याने एकेक टाका तपासायला लागली. वरून खाली, मग आडवा. वीण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते फक्त रंगामुळेच कळत होतं. टाका एकही चुकलेला नव्हता. ती बराच वेळ मैत्रिणीचं कोपर तसंच धरून बसली. पाय हलला नाही, बोटं हलली नाहीत. नर्स औषध घेऊन आली, तर तिलाच थांबावं लागलं.